बुडबुडा मध्यावर आणला, की नेम लागतो?

द्वारका परिसरातील आमच्या शाळेत नववीत शिकणारी एक मुलगी गेल्या वर्षापासून एअर रायफलच्या सरावाला जाते. एके दिवशी तास संपल्यावर ती एक छापील पत्रक घेऊन आली. त्यात बंदुकीवर बसवायच्या एका छोट्या पाणसळीची माहिती होती. गवंड्याकडे असते तशीच काचेची नळी, तसाच हिरवट द्रव आणि तसाच बुडबुडा. फरक एवढाच, की ही नळी बोटाच्या पेराएवढी होती आणि ती दुर्बिणीवर किंवा पुढच्या साइटवर अडकवायची होती. "सर, बाबा विचारताहेत, हे घ्यावे का?" असे तिने विचारले.

पत्रकात तीन विधाने ठळक छापली होती. पहिले, बंदूक बाजूला कलली की गोळी खाली पडते. दुसरे, दुर्बीण नळीच्या जितकी वर, तितकी ही चूक मोठी. तिसरे, बुडबुडा मध्यावर ठेवला की चूक शून्य. मी पत्रक चाळले आणि म्हणालो, "घे. बंदूक तिरपी धरली की गुरुत्वाकर्षणाचा परिणाम वाढतो. पाणसळीने ते टळेल." घरी जाऊन कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा लक्षात आले, की माझे उत्तर चूक होते. तीन विधानांपैकीही एकच विधान, तेसुद्धा बऱ्याच अटी घातल्यावर, खरे ठरते.

एखादे उपकरण उपयोगी असणे आणि त्याचे सांगितले जाणारे कारण बरोबर असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणसळ हे उपयोगी उपकरण आहे, याबद्दल वाद नाही. पण चुकीच्या कारणासाठी घेतलेले उपकरण चुकीच्या ठिकाणी वापरले जाते, आणि मग विद्यार्थी आपल्या चुका भलत्याच जागी शोधत बसतो. म्हणून या तीन विधानांची, आणि ती आपल्याला खरी का वाटतात याचीही, थोडी चिकित्सा करू.

नळी आणि नजर एका रेषेत नसतात

सर्व घोटाळ्याचे मूळ एका साध्या गोष्टीत आहे. बंदुकीची नळी आणि नेम धरणाऱ्याची दृष्टिरेषा समांतर नसतात. आपण दगड मारून कैरी पाडतो, तेव्हा कैरीच्या किंचित वर रोख धरतो. कारण दगड वाटेत खाली येणार हे हाताला माहीत असते. बंदुकीतही तसेच असते. साइट अशी बसवलेली असते, की दृष्टिरेषा लक्ष्याच्या मध्यावर असताना नळी मात्र मध्याच्या थोड्या वरच्या बिंदूकडे रोखलेली असते. नळीच्या रोखापासून छर्रा जितका खाली येतो, त्याला आपण येथे 'पतन' म्हणू. वर रोखलेले अंतर आणि पतन सारखे झाले, की छर्रा बरोबर मध्यावर बसतो.

हे पतन किती असते? एअर रायफलच्या स्पर्धेत अंतर १० मीटर असते. छर्ऱ्याचा वेग सरासरी सेकंदाला १७० मीटर धरला, तर त्याला लक्ष्यापर्यंत पोहोचायला सुमारे ०.०५९ सेकंद लागतो. मुक्त पतनाचे सूत्र आपल्या सर्वांना पाठ आहे: ४.९ गुणिले वेळेचा वर्ग. उत्तर येते सुमारे १७ मि.मी. म्हणजे १० मीटरवर नळी मध्याच्या १७ मि.मी. वर रोखलेली असते.

आता बंदूक दृष्टिरेषेभोवती बाजूला कलवा. नजर मध्यावरच आहे, त्यात बदल नाही. पण नळी ज्या बिंदूकडे रोखली आहे, तो बिंदू मध्याच्या बरोबर वर राहणार नाही. घड्याळाचा काटा बारावरून एककडे सरकावा, तसा तो उजवीकडे सरकेल. काट्याची लांबी १७ मि.मी. आणि काट्याचा मध्य म्हणजे लक्ष्याचा मध्य. गुरुत्वाकर्षण मात्र बंदूक कशी धरली आहे हे पाहत नाही. ते छर्ऱ्याला पूर्वीसारखेच, सरळ खाली, पूर्वीइतकेच म्हणजे १७ मि.मी. आणते. काट्याचे टोक उजवीकडे गेले आणि तेथून छर्रा सरळ खाली आला, म्हणून तो मध्याच्या उजवीकडे लागला. एवढीच ही गोष्ट आहे.

म्हणजे मी वर्गात म्हणालो तसा "गुरुत्वाकर्षणाचा परिणाम" वाढलेला नाही. तो जेवढा होता तेवढाच राहिला. बदलली ती आपण त्याला केलेल्या भरपाईची दिशा.

पहिले विधान: कलली की गोळी खाली

घड्याळाच्या काट्याच्या चित्रावरून दोन सूत्रे सहज निघतात. बाजूचे विचलन म्हणजे पतन गुणिले कलाच्या कोनाची साइन. खालचे विचलन म्हणजे पतन गुणिले (१ वजा कोसाइन). आकडे घालून पाहू.

बंदूक १ अंश कलली, तर १० मीटरवर बाजूला ०.३ मि.मी. आणि खाली मोजण्यासारखे काहीच नाही. ५ अंश कलली, तर बाजूला सुमारे १.५ मि.मी. आणि खाली ०.०६ मि.मी. १० अंश कलली, तर बाजूला सुमारे ३ मि.मी. आणि खाली पाव मि.मी. १० अंश म्हणजे कोणालाही दुरून दिसेल असा कल. पण तेवढ्यानेही छर्रा खाली जातो तो फक्त पाव मि.मी. बाजूला जातो त्याच्या जवळजवळ बारापट.

तेव्हा "कलली की गोळी खाली पडते" हे विधान दिशेच्या बाबतीतच फसवे आहे. ज्या मुलाचे छर्रे वारंवार खाली लागतात, त्याने पाणसळ विकत घेऊन काही उपयोग नाही. त्याचा दोष दुसरीकडे आहे. श्वास असेल, चाप ओढण्याची घाई असेल, साइटची जुळणी असेल. उलट, ज्याचे छर्रे कधी डावीकडे तर कधी उजवीकडे लागतात, त्याने आपण बंदूक दर वेळी सारखी धरतो का, हे पाहावे. बंदूक उजवीकडे कलली तर छर्रा उजवीकडे, डावीकडे कलली तर डावीकडे. दोष कोठे शोधायचा याची दिशाच या आकड्यांतून मिळते, आणि स्पष्टीकरण चुकले की नेमकी तीच हरवते.

हे आकडे लहान आहेत की मोठे? लक्ष्याशी ताडून पाहिल्याशिवाय ते सांगता येत नाही. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका फक्त ०.५ मि.मी. व्यासाचा असतो आणि छर्रा ४.५ मि.मी. व्यासाचा. दशांश गुणांच्या पद्धतीत सर्वोच्च गुण १०.९ असतो, आणि मध्यापासून दर पाव मि.मी. अंतराला एक दशांश गुण कमी होतो. म्हणजे बाकी सारे निर्दोष असताना बंदूक एक अंश कलली, तर एका दशांशाची पायरी ओलांडली जाते. पाच अंश कलली, तर १०.९ ऐवजी १०.४ मिळतात. मोठ्या स्पर्धांचे निकाल काही दशांशांनी ठरतात, हे लक्षात घेतले की १.५ मि.मी. लहान वाटत नाही.

अंतर वाढले की हे अधिक जाणवते. पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसळे याने ५० मीटर रायफल तीन स्थिती या प्रकारात कांस्यपदक मिळवले. तो कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा; नेमबाजीचे सुरुवातीचे धडे मात्र त्याने नाशिकला, क्रीडा प्रबोधिनीत गिरवले. त्याच्या प्रकारातली रायफल हवेची नसते, ५.६ मि.मी. गोळीची असते. वेग सेकंदाला सुमारे ३२० मीटर धरला, तर ५० मीटरवर पतन साधारण १२ से.मी. येते. त्या लक्ष्यावर गोळीचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून ८ मि.मी.च्या आत असेल तर दहा गुण, त्याबाहेर नऊ. आपले सूत्र वापरा: ३ अंश कलले तर ६.३ मि.मी., दहा गुण शाबूत. ४ अंश कलले तर ८.४ मि.मी., गुण नऊ. पॅरिसच्या पात्रता फेरीत स्वप्नील ५९० गुणांसह सातवा आला आणि अंतिम फेरीत गेला. पहिल्या आठांनाच तेथे प्रवेश असतो. त्याच फेरीत भारताचाच ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर ५८९ गुणांसह अकरावा राहिला. त्याचा गुण कलण्यामुळे गेला, असे मुळीच म्हणायचे नाही. पण ६० गोळ्यांत एका गुणाची किंमत काय असते, हे यावरून कळावे.

दुसरे विधान: दुर्बीण उंच, तर चूक मोठी

हे विधान नेमबाजांच्या बोलण्यातही ऐकू येते आणि ऐकताच पटते. दुर्बीण नळीपासून लांब गेली, तर कलल्यावर नळी बाजूला जास्त सरकणार, हे उघड दिसते. पण उघड दिसणारे दर वेळी पुरे असते असे नाही.

बंदूक ज्या अंतरावर जुळवली आहे, त्या अंतरावर नळीचा रोख मध्याच्या किती वर असतो? बरोबर पतनाइतका. दुर्बीण ४ से.मी. उंच असो वा ६ से.मी., जुळणी केली याचा अर्थच तो. मग काट्याची लांबी तीच, आणि कलल्यावर होणारे विचलनही तेच. १० मीटरवर जुळवलेल्या बंदुकीत ५ अंश कलल्याने १० मीटरवर १.५ मि.मी.च फरक पडेल. दुर्बिणीची उंची या हिशेबात येतच नाही.

उंचीचा प्रभाव दिसतो तो दुसऱ्या अंतरांवर. हीच बंदूक जुळणी न बदलता २० मीटरवर चालवली, तर ५ अंश कलामुळे ४ से.मी. उंच दुर्बिणीला सुमारे ६.५ मि.मी. आणि ६ से.मी. उंच दुर्बिणीला सुमारे ८.२ मि.मी. बाजूचे विचलन येते. याउलट ५ मीटरवर विचलन चक्क विरुद्ध बाजूला जाते: अनुक्रमे १ मि.मी. आणि १.९ मि.मी. कारण इतक्या जवळ नळीचा रोख अजून दृष्टिरेषेच्या खालीच असतो. काट्याचे टोक बाराऐवजी सहावर असते. विद्यार्थ्यांना हा हिशेब करायला द्यावा. समरूप त्रिकोणांपलीकडे त्यात काही लागत नाही, आणि "उंच म्हणजे जास्त" हे वाक्य किती अंतरापुरते खरे, हे त्यांचे त्यांनाच सापडते.

म्हणून हे विधान अर्धे खरे आहे. वेगवेगळ्या अंतरांवर दुर्बिणीने नेम धरणाऱ्याला ते लागू पडते. असा एक खेळ १९८० पासून ब्रिटनमध्ये आहे. त्यात एअर रायफलने सुमारे ८ ते ५० मीटरपर्यंतची, पाडता येणारी धातूची लक्ष्ये टिपायची असतात. ५० मीटरवर छर्ऱ्याचे पतन साधारण २५ से.मी. होते, आणि मग ५ अंश कल म्हणजे २ से.मी.हून जास्त विचलन. लक्ष्याचे भोकच ४ से.मी. व्यासाचे असेल, तर मध्यावर धरलेला नेमही बाहेर जाईल. तेथे पाणसळ चैनीची वस्तू राहत नाही. पण आमच्या विद्यार्थिनीच्या १० मीटरच्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही, आणि अंतरही कधी बदलत नाही. एका खेळासाठीचा सल्ला दुसऱ्या खेळाच्या पत्रकात आला, की असा घोळ होतो.

तिसरे विधान: बुडबुडा मध्यावर, चूक शून्य

हे विधान सर्वांत निरुपद्रवी वाटते, आणि विज्ञानशिक्षणाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे तेच आहे. त्यात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत: बुडबुडा सांगतो ते खरे, आणि कल शून्य असणे आवश्यक.

आधी दुसरी गोष्ट घेऊ. भिंतीवरचे घड्याळ रोज पाच मिनिटे पुढे असेल, तर शाळेला उशीर होत नाही. आपण मनात पाच मिनिटे वजा करतो. घड्याळ कधी तीन मिनिटे पुढे तर कधी चार मिनिटे मागे असेल, तर मात्र त्याचा भरवसा संपला. पहिली चूक स्थिर आहे, दुसरी अस्थिर. कलण्याचेही असेच आहे. एखादा नेमबाज दर वेळी बरोबर सहा अंश कलवूनच रायफल धरत असेल, तर त्याचे सर्व छर्रे दर वेळी तेवढेच बाजूला जातील. साइटची चक्री फिरवून ते मध्यावर आणले, की प्रश्न मिटला. पुष्कळ चांगले नेमबाज मान ताठ राहावी, गाल दस्त्यावर नीट बसावा म्हणून रायफल मुद्दाम किंचित कलवतात. स्थिर चूक जुळणीने जाते, अस्थिर चूक जात नाही. तेव्हा १० मीटरवर प्रश्न "कल शून्य आहे का?" हा नाही. "कल दर वेळी तोच आहे का?" हा आहे.

याला अपवाद एकच: अंतर बदलले, की कललेल्या बंदुकीची ही जुळणी पुरत नाही. काट्याची लांबी बदलते आणि बाजूची चूकही बदलते. म्हणून अंतर बदलणाऱ्या खेळात कल शून्यच हवा. अंतर ठरलेले असेल, तर सातत्य पुरे.

आता पहिली गोष्ट, बुडबुड्याच्या खरेपणाची. पाणसळ फ्रान्सच्या मेल्किसेदेक तेवनो याने १६६१ च्या सुमारास तयार केली. तिचे काम कसे चालते, हे आपण वर्गात "हवा हलकी, म्हणून बुडबुडा वर जातो" एवढ्यावर संपवतो. पण नळी अगदी सरळ असती, तर जरा कल येताच बुडबुडा थेट टोकाला गेला असता. पाणसळीची नळी आतून किंचित वक्र असते, एका मोठ्या वर्तुळाच्या कंसासारखी. बुडबुडा कंसाच्या सर्वांत उंच बिंदूवर थांबतो, आणि नळी कलली की तो उंच बिंदू सरकतो. वर्तुळाची त्रिज्या जितकी मोठी, तितका बुडबुडा जास्त सरकतो. एका अंशाला २ मि.मी. सरकायला हवा असेल, तर त्रिज्या साधारण ११५ मि.मी. लागते. जमीन मोजणीच्या उपकरणातील पाणसळीत २० सेकंद कोनाला, म्हणजे एका अंशाच्या १८० व्या भागाला, बुडबुडा २ मि.मी. सरकत असेल, तर तिची त्रिज्या २० मीटरहून जास्त असते!

मग बंदुकीवर जास्तीत जास्त संवेदनशील पाणसळ लावावी का? नाही. १० मीटरवर पाव मि.मी. विचलन व्हायला सुमारे ०.८ अंश कल लागतो. त्याहून फार बारीक मोजून काही मिळत नाही. उलट अतिसंवेदनशील बुडबुडा उभ्या माणसाच्या हातात कधी स्थिरच होणार नाही. किती अचूक मोजायचे हे गरजेवरून ठरते. ही गोष्ट प्रयोगवहीत दशांश चिन्हापुढे सहा-सहा आकडे लिहिणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगायला हवी.

बुडबुड्याची आणखी एक मर्यादा आहे. त्याला केवळ गुरुत्वाकर्षण कळत नाही, त्वरणही कळते. द्वारका चौकात मुंबई–आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता एकत्र येतात. तेथे बस वळताना आपण बाहेरच्या बाजूला कलंडतो. त्या वेळी हातात पाणसळ आडवी धरली, तर बुडबुडा वळणाच्या आतल्या बाजूला पळतो. बस तितकी कललेली नसते. बुडबुडा मात्र ती कलल्याचे सांगतो. सेकंदाला सेकंदाला ०.१७ मीटर एवढे अल्प बाजूचे त्वरण बुडबुड्याला एका अंशाच्या कलासारखे भासते. उभ्याने नेम धरताना शरीर डुलतेच. रायफल दर सेकंदाला एकदा, मध्यापासून २ मि.मी. इकडे-तिकडे डुलत असेल, तर तिचे त्वरण जास्तीत जास्त ०.०८ येते, म्हणजे बुडबुडा जवळजवळ अर्ध्या अंशाइतका खोटा कल दाखवू शकतो. दाट द्रवामुळे तो तेवढ्यात तितका सरकत नाही, पण त्याच कारणाने तो खरा कलही उशिराच दाखवतो. एका गैरसोयीच्या बदल्यात दुसरी, असा हा व्यवहार आहे.

शिवाय पाणसळ बसवताना ती स्वतःच तिरपी बसली, तर बुडबुडा मध्यावर आणून आपण बंदूक नेमाने तिरपीच धरू. पाणसळ कशाशी जुळवायची? उत्तर फार जुने आहे: ओळंब्याशी. लक्ष्याच्या जागी ओळंबा टांगावा, बंदूक टेकूवर स्थिर ठेवावी, दुर्बिणीतील उभी तार ओळंब्याच्या दोऱ्याशी जुळवावी, आणि मग पाणसळ अशी पक्की करावी, की बुडबुडा मध्यावर येईल. म्हणजे पाणसळीला प्रमाणपत्र द्यायचे ते गवंड्याच्या ओळंब्याने.

चूक आपल्या आकृतीत आहे

ही तीन विधाने आपल्याला, विज्ञान शिकवणाऱ्यांनासुद्धा, पटकन खरी का वाटतात? माझ्या मते दोष पत्रकाचा कमी आणि आपल्या फळ्यावरील आकृतीचा जास्त आहे. प्रक्षेप्य गतीची आकृती आपण नेहमी बाजूने पाहून काढतो. डावीकडे तोफ, मध्ये कमान, उजवीकडे जमीन. सारा प्रसंग एका उभ्या प्रतलात. या आकृतीत बंदूक बाजूला कलू शकतच नाही. कागदाला तिसरी मितीच नसते. नेम धरणाऱ्याचा डोळाही आकृतीत नसतो, त्यामुळे दृष्टिरेषा आणि नळीचा रोख वेगळे असतात, हे विद्यार्थ्याला कोठेच भेटत नाही. मग "कलणे" हा शब्द आला, की मन त्याला ओळखीच्या आकृतीत बसवते आणि म्हणते, "खाली पडेल."

त्याऐवजी एकदा तोच प्रसंग नेमबाजाच्या पाठीमागून पाहून काढा. एक वर्तुळ, मध्यावर ठिपका, त्याच्या वर नळीचा रोख दाखवणारा बिंदू, आणि तेथून सरळ खाली एक बाण. मग वरचा बिंदू काट्यासारखा फिरवा. बाण मात्र सरळ खालीच ठेवा. दोन मिनिटांत काम होते. आमच्या वर्गात ज्या मुलांना साइन-कोसाइन माहीत नव्हते, त्यांनीही बाणाचे टोक कोठे येईल ते बरोबर सांगितले.

बंदुकीविना प्रयोग

हा प्रयोग शाळेत एअरगनने करू नये, हे स्पष्ट सांगतो. छर्ऱ्याने डोळा कायमचा जाऊ शकतो; एअरगन हे खेळणे नव्हे, आणि तिची जागा देखरेखीखालच्या रेंजवरच. पण पाण्याची धार हेच काम करते.

एक लाकडी फूटपट्टी घ्या. तिच्यावर एक सरळ, बारीक कडक नळी थोडी वर उचललेली अशी घट्ट बांधा. सलाईनच्या नळीने ती एका बाटलीला जोडा आणि बाटली सुमारे एक मीटर उंच, पातळी फारशी बदलणार नाही अशी ठेवा. एक मीटर दूर भिंतीवर आलेख कागद लावा आणि त्यावर एक खूण करा. पट्टी आडवी, खुणेकडे रोखून धरा. नळीचा कोन असा जुळवा, की धार त्याच खुणेवर पडेल. नळीच्या रेषेत सुतळी ताणून ती कागदावर कोठे भिडते, तेथे दुसरी खूण करा. दोन खुणांमधील उभे अंतर म्हणजे पतन. ते साधारण २५ से.मी. किंवा थोडे जास्त येईल.

आता पट्टी खुणेकडेच रोखलेली ठेवून स्वतःभोवती १०, २० आणि ३० अंश कलवा. कोन मोजायला कोनमापक आणि छोटा ओळंबा पुरे. पतन २५ से.मी. असेल, तर १० अंशांना धार सुमारे ४.३ से.मी. आणि ३० अंशांना १२.५ से.मी. बाजूला गेली पाहिजे. ३० अंशांना ती साडेतीन से.मी.हून थोडी कमी खालीही येईल. पट्टी आडव्या रेषेभोवतीच फिरते, म्हणून धारेचा पुढे जाण्याचा वेग आणि वेळ बदलत नाही. त्यामुळे मोठ्या कोनांनाही सूत्र तंतोतंत लागू पडते. विचलनाचा साइनशी आलेख काढला, तर सरळ रेषा मिळावी. नाही मिळाली, तर का नाही मिळाली, याची चर्चा हाच त्या दिवशीचा खरा धडा.

उरलेल्या सलाईनच्या नळीचा वीतभर तुकडा घ्या, त्यात थोडी हवा ठेवून पाणी भरा आणि दोन्ही टोके बंद करा. सरळ ताणून धरला तर बुडबुडा टोकाकडे पळतो. किंचित कमानीत वाकवून धरला तर मध्यावर थांबतो. पाणसळीचे रहस्य एवढेच.

मग घ्यावे की नाही?

पुढच्या आठवड्यात मी त्या मुलीला फळ्यावर पाठीमागून पाहिलेली आकृती काढून दाखवली आणि आधीचे उत्तर चुकले होते, असे सांगितले. तिने लगेच विचारले, "मग माझी रायफल थोडी डावीकडे कलते, ती सरळ करू की नको?" पत्रकात जे नव्हते, तेच तिने नेमके विचारले. मी म्हणालो, "आधी ती दर वेळी तितकीच कलते का, ते पाहा. तुझी जुनी लक्ष्ये काढ आणि छर्रे आडवे जास्त पसरले आहेत की उभे, ते मोज."

तिने मोजले. तिचे छर्रे आडव्यापेक्षा उभे जास्त पसरले होते. म्हणजे निदान सध्या तरी तिची अडचण कलण्याची नव्हती, आणि पाणसळीचा खर्च करण्याचे कारण नव्हते. कोणता दोष आहे ते तिचे प्रशिक्षक पाहतील. ते माझे काम नाही.

पाणसळीबद्दलचा निवाडा असा: वेगवेगळ्या अंतरांवर दुर्बिणीने नेम धरणाऱ्याला ती जवळजवळ आवश्यक आहे. ठरलेल्या अंतरावर खेळणाऱ्याला ती सातत्य तपासण्याचे साधन म्हणून उपयोगी आहे, सरावाच्या काळात विशेष. पण ती साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. तिची साक्ष कधी खरी, कधी उशिरा आणि कधी डुलणाऱ्या हातामुळे खोटी असते. ती ओळंब्याशी ताडून घ्यावी लागते आणि लक्ष्यावरच्या छिद्रांशीही. हे आधी कागदावर मोजून पाहायची सवय वर्गात लागली, तर पुढचे पत्रक घेऊन येणाऱ्या मुलाला आपण घाईने "घे" म्हणणार नाही, आणि त्यालाही विचारायला यावे लागणार नाही.